‘तू म्हणशील तसं’ म्हणून झालं, आता पुढे काय?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर दुरुस्त करता येईल. मुलगी ११ महिन्यांची. तिच्या वेळी सिझेरियन झालं होतं. बाळंतपणानंतर बायकोची पाळी अजून सुरूच झाली नव्हती, मुलगी अंगावर पीत होती, त्यामुळे दिवस राहतील असं दोघांच्याही मनात आलं नाही. गेल्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, मेडिकलमधून पट्टी आणली, दोन रेघा. तुम्ही म्हणालात, “तू म्हणशील तसं करू.” ती चिडली, आणि तेव्हापासून चार दिवस कामापुरतंच बोलतेय. तुम्ही भोसरीला तीन पाळ्यांत मशीनवर, ती चाकणला अकाउंट्समध्ये, रजा संपवून पाच महिन्यांपूर्वीच परत रुजू झालेली. फ्लॅटचा हप्ता २३,०००. तुमची आई गावाहून नातीला सांभाळायला आलीय, तिला यातलं काही माहीत नाही. रात्री तुमच्या छातीत धडधडतं, कामात लक्ष नाही, कधी वाटतं गाडी काढावी आणि कुठंतरी निघून जावं. आणि प्रश्न दोन: तिला आधार कसा देऊ, आणि मला काय झालंय?

मी वैद्यकीय समाजसेवक आहे. बावीस वर्षांतला बराचसा काळ प्रसूती विभागात गेला. तिथं नवऱ्याला दाराच्या आत फारशी जागा नसते. तो बाहेर बाकावर असतो, मांडीवर फाइल, पायाशी पिशवी, पिशवीत थर्मास. त्या बाकावरच्या माणसांशी बोलणं हे माझं निम्मं काम. तुमच्यासारखा प्रश्न मी तिथं खूप वेळा ऐकलाय, फक्त इतक्या सरळ शब्दांत क्वचित.

माझ्या मते तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. तुम्ही घाबरलाय आणि ते तिला दिसू नये म्हणून धडपडताय. तिला तुमची धडपड दिसतच नाही. तिला एवढंच दिसतं की नवरा शांत आहे, चेहरा कोरा आहे आणि सगळं आपल्यावर सोडून मोकळा झालाय. आधाराचं पुढे बघू. आधी हे कोडं सोडवायचंय.

पण त्याच्याही आधी एक व्यवहाराची गोष्ट, कारण तिला मुदत आहे. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तुमच्या बायकोला पाळीच आलेली नाही, म्हणजे किती आठवडे झालेत हे तुम्हाला बोटांवर मोजून कळणारच नाही. पाच असतील, अकराही असतील. मळमळीवरून अंदाज बांधू नका. सोनोग्राफी करूनच ते कळेल, आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत ते जेवढं नेमकं कळतं तेवढं नंतर कळत नाही. दुसरं असं की आधीचं सिझेरियन आहे, त्यामुळे गर्भ गर्भाशयात नीट जागी आहे की नळीत किंवा जुन्या टाक्यांच्या जागी रुजलाय, हेही बघावंच लागतं. म्हणून या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ठेवायचं की नाही हे ठरलेलं नसतानाही जा. ‘आधी ठरवू, मग जाऊ’ म्हणणारी जोडपी पंधरा-पंधरा दिवस घालवतात, आणि मग ठरवायला वावच उरत नाही.

कोणी सांगेल की मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच उरका. ते करू नका. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करतात, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुम्हाला तर आठवडेच माहीत नाहीत आणि पोटावर जुने टाके आहेत. अशा घरगुती प्रयोगानंतर रक्तस्राव थांबेना म्हणून रात्री दोनला आलेल्या बायका मी पाहिल्यात. सोबतचा नवरा हमखास एकच वाक्य बोलतो, “मित्राच्या बायकोला काही झालं नव्हतं.”

पाळी आली नसताना दिवस कसे राहिले, यावर तुमच्या घरात मनातल्या मनात खटला चालू असणार, म्हणून तेही सांगून टाकतो. बीज आधी बाहेर पडतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. ते पहिलंच बीज फळलं तर पाळी येतच नाही. अंगावर पाजणं हे गर्भनिरोधक म्हणून चालतं, पण तीन गोष्टी एकदम असतील तोवरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर असलेलं, आणि पाळी परत आलेली नाही. मुलगी वरणभात आणि नाचणीची खीर खायला लागली तेव्हाच ते संरक्षण ढिलं झालं होतं. हे बहुतेक घरांत माहीत नसतं. परिचारिकांच्या घरांतही हा घोटाळा झालेला मला ठाऊक आहे. तेव्हा खटला काढून टाका.

आता त्या वाक्याकडे येऊ.

“तू म्हणशील तसं.” तुम्ही ते मनापासून म्हणालात याबद्दल मला शंका नाही. आजकालच्या बऱ्याच चांगल्या नवऱ्यांना वाटतं की बायकोचं शरीर, बायकोचा निर्णय, आपण मध्ये बोलायचं नाही. कायदाही तेच म्हणतो. १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आणि त्यातली २०२१ची दुरुस्ती यांनुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. काही दवाखाने तरीही नवऱ्याची सही मागतात, पण ती त्यांची पद्धत झाली, कायद्याची अट नव्हे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. त्यापुढे चोवीसपर्यंत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठीच. तेव्हा शेवटचा शब्द तिचा, यात वाद नाही.

मग ती चिडली का? कारण शेवटचा शब्द तिचा असला तरी पहिल्या शब्दापासून सगळंच तिनं एकटीनं बोलावं असं त्यातून निघालं. तिच्या जागी बसून ऐका. ठेवायचं म्हटलं तर नोकरी, तब्येत, हप्ता, दोन लहान मुलं, सगळं तिनं ओढवून घेतलेलं. नको म्हटलं तर तेही तिनंच केलेलं. आणि तुम्ही दोन्हीकडून मोकळे. ही भीती उगाच नसते. साखर कारखान्याच्या वसाहतीतलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. त्यांनी गर्भपात करून घेतला तेव्हा नवरा हेच म्हणाला होता, तू म्हणशील तसं. तीन वर्षांनी भांडण निघालं भलत्याच गोष्टीवरून, बहुतेक फ्रिजच्या हप्त्यावरून, आणि त्या भांडणात तो म्हणाला, “तूच म्हणाली होतीस ना तेव्हा नको म्हणून?” ती माझ्यासमोर बसून म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं की हे वाक्य एक दिवस येणार.

तर तिला परवानगी नको होती. तुमच्या मनात काय आहे ते तिला ऐकायचं होतं. इथं एक बारीक गोष्ट आहे आणि ती चुकली तर उलटा परिणाम होतो. मन उघडं करणं वेगळं, वजन टाकणं वेगळं. “मला पैशाची धास्ती वाटते” हे मन उघडं करणं. “आपल्याला परवडणार नाही, बघ बाई तूच” हे वजन टाकणं. “मला दुसरं मूल हवं होतं, पण इतक्यात नाही” हे पहिल्या प्रकारातलं. “देवानं दिलंय, नाकारायचं कसं” हे दुसऱ्या. कोणतं वाक्य कशात मोडतं ते ओळखायची माझी खूण सांगतो: वाक्य संपल्यावर समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा उरते का?

मी जोडप्यांना एक साधं काम देतो. दोघांना वेगवेगळे कागद. प्रत्येकानं दोनच गोष्टी लिहायच्या: मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, आणि कोणी काही विचारणार नसेल तर मला काय हवंय. दहा मिनिटं. मग कागद वाचायचे, पण आधी तिचा, नंतर तुमचा. हा क्रम मी मुद्दाम ठेवतो. आपल्याकडे नवरा आधी बोलला की त्याचं मत घरात निकालासारखं फिरतं, मग बायको त्याभोवती आपलं मत बसवत राहते. ती आधी बोलली की ती तिचं बोलते. वाचून झालं की त्या दिवशी काहीच ठरवायचं नाही. चहा करायचा, मुलीला फिरवून आणायचं. दोन दिवसांनी पुन्हा बसायचं. कागद नको वाटत असेल तर दुचाकीवर जाताना बोला. समोरासमोर डोळ्यांत बघून बोलण्यापेक्षा बऱ्याच जणांना ते सोपं जातं. फक्त आई शेजारच्या खोलीत असताना कुजबुजत बोलू नका. कुजबुजीत निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं भलतंच ऐकू येतं.

तुमच्या तोंडी शब्द घालणं मला आवडत नाही, पण सुरुवातच सुचत नसेल तर अशी करा: “त्या दिवशी मी तू म्हणशील तसं म्हणालो, ते घाबरून म्हणालो. मला काय वाटतं ते सांगायचंच राहिलं. आधी तू सांग, मग मी सांगतो. ठरवायचं तुलाच आहे, पण जे ठरेल ते दोघांनी केलं असं मी धरीन, आणि पुढे कधीही ते तुझ्यावर ढकलणार नाही.” यातलं शेवटचं वाक्य जमणार नसेल तर म्हणू नका. ते म्हणून मोडण्यापेक्षा न म्हटलेलं बरं.

तुम्हाला एक हवं असेल आणि तिला दुसरं, तर? असं होतं, आणि तेव्हा नवऱ्याला खरंच दुःख होतं. हे दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते त्या आठवड्यात तिच्या पदरात टाकू नका. मित्र, भाऊ, समुपदेशक, कोणीतरी एक माणूस त्यासाठी शोधा. मी अशा नवऱ्यांना एकटं बोलावतो आणि तासभर फक्त ऐकतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय हे सगळं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल. आमची धाकटी अशीच न ठरवता आली. मोठा तेव्हा दीड वर्षाचा. मी दिवसभर लोकांच्या नवऱ्यांना शहाणपण शिकवून घरी येत होतो आणि बायकोनं विषय काढला की म्हणत होतो, “बघू.” तीन आठवडे मी फक्त बघू म्हणत होतो. पुढे कधीतरी ती म्हणाली, “तेव्हा उलट्यांचं काही नाही वाटलं, तुझ्या ‘बघू’नं जास्त मळमळायचं.” तुमचं ‘तू म्हणशील तसं’ आणि माझं ‘बघू’ ही सख्खी भावंडं आहेत.

इथं काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तिचं हिमोग्लोबिन किती आहे, सिझेरियन कशासाठी झालं होतं, तिला रक्तदाब किंवा साखर होती का. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं तरी पुढचे दिवस राहू नयेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण आईच्या अंगातला लोहाचा साठा भरून यायला वेळ लागतो, आणि कमी अंतरात मूल लवकर जन्मण्याचा, कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. जुन्या टाक्यांवर कळांचा ताण येतो तो प्रश्न वेगळाच. याचा अर्थ ठेवलं तर वाईटच होईल असा नाही. नीट तपासण्या झाल्या, बाळंतपण कुठं आणि कसं करायचं हे आधी ठरलं तर बहुतेकींचं सुखरूप पार पडतं. पण हा हिशोब डॉक्टरांनी तिच्या फाइलकडे बघून करायचा. तुमच्या आतेबहिणीला चौदा महिन्यांच्या अंतरानं दोन झाली आणि दोघंही धडधाकट आहेत, हा पुरावा नव्हे.

आणि आणखी एक, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय पण मला तिथं थांबावंसं वाटतं: “आईला कळलं तर ती म्हणेल आता मुलगाच होणार.” हे वाक्य तुमच्या बायकोच्या डोक्यातही फिरतंय असं समजा. पहिली मुलगी झाल्यावर दुसऱ्या खेपेला बाईवर जे दडपण येतं ते नवऱ्याला सहसा ऐकूच येत नाही, कारण ते स्वयंपाकघरात, नवरा कामावर असताना बोललं जातं. म्हणून दोघांचं ठरेपर्यंत आईला सांगू नका. सांगाल तेव्हा तुम्ही सांगा, तिच्यावर सोडू नका. आणि आई मुलग्याचं बोलली की तिथल्या तिथं, बायकोच्या देखत बोला: “आई, मुलगा-मुलगी हा विषय आपल्या घरात नको. काय ते कळलं की कळेल.” आवाज चढवायची गरज नाही, पण देखत हवं. मागाहून खोलीत बायकोची समजूत घालण्याला काही किंमत नसते. कोणी ‘एका ठिकाणी बघून देतात’ असं सुचवलंच, तर १९९४च्या कायद्यानं तो गुन्हा आहे आणि बघून देणाऱ्याइतकाच विचारायला जाणाराही तुरुंगात जाऊ शकतो, हे स्पष्ट सांगा.

आता समजा ठेवायचं ठरलं. मग आधार म्हणजे काय? लोक म्हणतील तिला आनंदी ठेवा, डोहाळे पुरवा. मी म्हणेन पहिलीला ताब्यात घ्या. दुसऱ्या गरोदरपणात बापाचं काम मोठ्या मुलापासून सुरू होतं. अकरा महिन्यांचं मूल रात्री दोनतीनदा उठतं, दिवसभर कडेवर हवं असतं, आणि गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत जी मरगळ येते ती झोप काढूनही जात नाही. आज रात्रीपासून मुलगी उठली की तुम्ही उठा. ती दुधासाठी रडेल, ते तुमच्याकडे नाही, हे खरं. तरी तिला उचलून आईजवळ नेणं, पिऊन झालं की खांद्यावर घेणं, परत झोपवणं तुमच्याकडे येऊ शकतं. पहिले चारपाच दिवस ती तुमच्याकडे आल्यावर आकांत करेल. तुमची आई धावत येईल, म्हणेल दे तिकडे, पुरुषाच्या हाताला नाही झोपत. देऊ नका. सहाव्या-सातव्या रात्री बहुतेक मुलं झोपतात. रात्रपाळी असेल तेव्हा हे जमणार नाही, तर त्या आठवड्यात सकाळी घरी आलात की अंघोळ घालणं आणि न्याहारी भरवणं तुमचं. तुमच्या कामाच्या पाळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावा आणि त्याच्याशेजारी मुलीच्या कामांचा.

अंगावरचं पाजणं लगेच तोडा असं सासर-माहेर दोन्हीकडून सांगतील, ‘पोटुशीचं दूध बाधतं’ म्हणून. बाधत नाही. गरोदरपण सुरळीत असेल, रक्त जात नसेल, आधी वेळेआधी बाळंतपण झालेलं नसेल तर पाजायला सहसा हरकत नसते, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. दूध मात्र मधल्या महिन्यांत आपोआप कमी होतं आणि त्याची चवही बदलते, त्यामुळे काही मुलं स्वतःच सोडतात. मुलगी अजून वर्षाची नाही, तेव्हा तिच्या खाण्यापिण्याचं बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठेवा. ही भेट तुम्ही एकट्यानं मुलीला घेऊन करू शकता. बायकोला एक दुपार झोपायला मिळेल.

उलट्यांबद्दल एवढंच: सकाळी उठायच्या आधी कोरडं काहीतरी, खाकरा, मुरमुरे, टोस्ट, उशाशी ठेवा. फोडणीचा वास सहन होत नसेल तर त्या वेळेत तिला मुलीसोबत गच्चीवर पाठवा आणि फोडणी तुम्ही द्या. बहुतेकींना तिसरा-चौथा महिना लागला की आराम पडतो. पण पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होतेय, वजन उतरतंय, असं दिसलं तर त्याला डोहाळे म्हणून सोडून देऊ नका, सलाईन लागू शकतं. फोलिक ॲसिड लगेच सुरू करायचं असतं, डॉक्टर लिहून देतील. लोहाच्या गोळ्या पुढे सुरू होतील, त्या चहाबरोबर आणि कॅल्शियमबरोबर द्यायच्या नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत रक्त कमी आढळलं होतं, आणि तुमची बायको पहिल्या बाळंतपणातून पुरती सावरलेलीही नाही. गोळी घेतली का, असं रोज विचारणारा नवरा बायकांना नकोसा होतो. जेवणानंतर दीडदोन तासांनी गोळी आणि लिंबूपाणी समोर आणून ठेवणारा चालतो.

आणि हे फोनमध्ये लिहून ठेवा: रक्त जाणं, पोटात असह्य दुखणं, ताप, नंतरच्या महिन्यांत जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, तोंडावर सूज, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८.

पैशाचं लवकर आटोपतो, कारण माझ्या अनुभवात त्याची भीती प्रत्यक्ष खर्चापेक्षा मोठी असते. आत्ता नवीन वैद्यकीय विमा घेऊन उपयोग नाही, बाळंतपणासाठी बहुतेक पॉलिसींत मोठी प्रतीक्षा असते. पण दोघांच्या कंपन्यांचा गट विमा असेल तर त्यात बाळंतपण किती रकमेपर्यंत आहे ते उद्याच विचारा. तिला दुसऱ्या मुलासाठीही २६ आठवडे पगारी रजा आहे, अट एवढीच की बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, आणि ते होईल. तुम्हाला मात्र खाजगी कंपनीत बापाची रजा कायद्यानं नाही, मालकाची मर्जी. म्हणून आतापासून रजा साठवा. सरकारी रुग्णालयात २०११पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियनसकट, मोफत आहे. खाजगीचं बिल झेपणार नसेल तर तिकडे जाण्यात कमीपणा मानू नका. मी जिथं काम केलं तिथं डॉक्टर चांगले होते आणि पंखे वाईट.

नको असं ठरलं तर तुमचं काम वेगळं, पण कमी नाही. सोबत जा, दोन दिवस सुटी काढा, मुलगी सांभाळा. गोळ्यांनी झालं तर रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त असतो. लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, ताप आला किंवा चक्कर आली तर लगेच दवाखान्यात. डॉक्टरांनी बोलावलेल्या दिवशी फेरतपासणी चुकवू नका. मनाचं असं असतं की बरं वाटणं आणि रडू येणं एकाच संध्याकाळी होतं. “तुलाच तर नको होतं, मग आता कशाला रडतेस,” हे वाक्य जिभेवर आलं तर गिळून टाका.

दोन्ही वाटांवर पुढची काळजी कोणी घ्यायची हे आधीच ठरवा. तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन असे तिच्यासाठीचे उपाय डॉक्टर सांगतील. पण दोनच मुलं पुरे असं ठरलं, तर पुरुष नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी सोपी आहे, टाकाही पडत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. फक्त तिचा परिणाम लगेच होत नाही, तीन महिने निरोध वापरून मग वीर्यतपासणी करायची असते. मी करून घेतली, धाकटी दोन वर्षांची झाल्यावर. मर्दानगी, ताकद वगैरे ज्या गोष्टी ऐकता त्या बाकावरच्या गप्पा आहेत.

आता “मला काय झालंय.”

तुम्हाला धक्का बसलाय, आणि तुम्ही तो चार दिवस एकट्यानं गिळताय. बापालाही गरोदरपणात आणि नंतर नैराश्य येतं, जगभरच्या अभ्यासांचा २०१०मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा ते साधारण दहात एका बापात आढळलं. पुरुषात ते रडण्यातून कमी दिसतं. चिडचिड, ओव्हरटाइम मागून घेणं, तासन्‌तास मोबाइल, पार्किंगमध्ये गाडीवर बसून राहणं, एकाची दोन होणारी बाटली, असं दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं मन सगळंच गेलेलं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. छातीत धडधडतं तेही एकदा तपासून घ्या, मनाचंच असेल असं गृहीत धरू नका. श्रम केल्यावर दुखत असेल तर आजच.

‘निघून जावं’ म्हणालात, त्याबद्दल मी बाकावरच्या प्रत्येकाला विचारतो तेच तुम्हाला विचारतो: निघून जावं म्हणजे चार तास लोणावळ्याला जाऊन यावं, की संपवावं असं वाटतं? पहिलं असेल तर ते अगदी नेहमीचं आहे. बायकोला सांगून जा आणि सांगितलेल्या वेळेला परत या. न सांगता जाऊ नका, ती आत्ता तेच बघतेय की तुम्ही राहता की जाता. दुसरं असेल, एकदाही मनात येऊन गेलं असेल, तर हे वाचणं थांबवून १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लावा. मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि मशीन. प्रेसवर किंवा लेथवर असाल तर या आठवड्यात सुपरवायझरला एवढंच सांगा की घरी आजारपण आहे, झोप होत नाही, काही दिवस पॅकिंगला किंवा तपासणीला टाका. खरं कारण सांगायची गरज नाही. बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर बोटांना बँडेज बांधलेले बाप मी पाहिलेत.

सोनोग्राफीला जाताना दोघांची आधार कार्डं आणि मागच्या बाळंतपणाची फाइल घ्या. लघवी धरून यायचं की करून, हे आधी फोन करून विचारा, सुरुवातीच्या तपासणीत ते पद्धतीनुसार बदलतं. आईला “तिला दाखवायला चाललोय” एवढं पुरे. आत बोलावलं तर आत जा. नाही बोलावलं तर बाकावर बसा, मोबाइल खिशात. ती बाहेर येईल तेव्हा लगेच ‘काय झालं’ विचारू नका. पाण्याची बाटली द्या, हातातली फाइल आपल्याकडे घ्या, आणि पहिलं वाक्य तिला बोलू द्या.